साळूबाईची पायरी

मी भिंगारच्या छावणीत दूध घालायचो, तेव्हाची म्हणजे एकाहत्तर सालची गोष्ट. तिथं एडनाबाई नावाची म्हातारी इंग्रज बाई एकटी राहायची. तरुणपणी ती विलायतेत मूकपटांची नटी होती. बोलपट आले आणि तिचं काम सुटलं. मग फौजी नवऱ्यामागं ती इकडं आली, आन् नवरा इथंच वारला.

तिच्याकडं भांडी घासणारी साळूबाई जन्माची बहिरी. रोज संध्याकाळी ती पायरीवर बसायची आणि एडनाबाई ओसरीत तिला सिनेमातली आपली जुनी कामं करून दाखवायची. बहिरीला मूकपट! दोघींचं लई जमलं.

दिवाळीनंतर साळूबाई मुलाबरोबर ऊसतोडीला गेली. एके दिवशी बाई मला म्हणाली, "बन्सी, तू बस. बोलू नको."

मी आणि न बोलणं! तरी बसलो. बाईनं बोट सुटल्यावर धक्क्यावर एकटी राहिलेली पोरगी केली. हलवता हलवता तिचा हात असा थांबला, की माझ्या तोंडून निघालंच, "वा बाई, लई झ्याक!"

ती थबकली. "साळू असं नाही करत. साळू रडते."

"मग मी रडू का?"

बाई हसली. साळूबाईच्या पायरीवर येऊन बसली, साळू गेली त्या पाथर्डीच्या रस्त्याकडं बघत. "कधी येणार?"

"गुढीपाडव्याला," मी म्हणालो, आणि पुढं मला खरंच बोलता आलं नाही.