साठ्यांच्या पडवीतली मशिनं

चाळिशी आली की कुणी भजनी मंडळात जातं, कुणी होमिओपॅथी शिकतं, कुणी सोसायटीच्या कमिटीत घुसतं. आम्ही तिघांनी लाकूडकाम धरलं. आता एक सांगतो, मशीन घेतलं की त्यातून स्टूल बाहेर पडेल याची काही गॅरंटी नाही. किस्सा मात्र पडतोच! असे किती साठले होते ते आमचं आम्हालाच माहीत नव्हतं. परवा एका लग्नात आम्ही तिघे शेजारी बसलो आणि पंगत उठली, पानं उचलली, तरी आमचं हसणं थांबेना. बायको म्हणाली, "एवढं हसताय, तर बाकीच्यांनाही सांगा."

तर मंडळी तीनच. साठे आमच्यात वडील. ठाण्याला सरकारी कचेरीत, शुद्ध बोलणारे, प्रत्येक गोष्ट नीट विचार करून करणारे. डोंबिवलीला तळमजल्यावर ब्लॉक आणि मागे पत्र्याची पडवी. तेच आमचं वर्कशॉप. दुसरा मोहन भोईर, खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. नोकरी टेलिफोनच्या खांबांवर चढायची, त्यामुळे कशालाच न घाबरणारा. तिसरा मी, साठ्यांच्याच बिल्डिंगमधला, शहाडच्या एका कंपनीत स्टोअर्सला.

*

पहिलं मशीन कुठलं घ्यायचं यावर आमचे बरेच रविवार गेले. मी म्हणायचो ड्रिल, भोईर म्हणायचा कटर. साठ्यांचं मत, "आधी रंधा. लाकूड सपाट नसेल तर पुढचं सगळं वाकडंच होणार."

मग ते ऑफिस सुटल्यावर रोज ठाण्याच्या एका मशिनरीच्या दुकानात जायला लागले. ब्लेड किती रुंद, मोटर किती गरम होते, टेबल बिडाचं की पत्र्याचं, सगळं विचारायचे. पिशवीत सागवानाचा तुकडा असायचाच. दुकानदार आधी चहा द्यायचा, मग नुसतं पाणी, मग तेही बंद. पण काही महिन्यांनी गिऱ्हाईक आलं की तोच हाक मारायला लागला, "साठेसाहेब, जरा ह्यांना समजावून सांगा ना!"

साठे समजावायचे. गिऱ्हाईक मशीन घेऊन जायचं.

एका शनिवारी साठे खरंच मशीन आणायला गेले. आम्ही पडवी झाडून, नारळ-बिरळ घेऊन तयार. साठे आले ते रिकाम्या हातांनी.

"अहो, मशीन कुठंय?"

"एकच शिल्लक होतं," साठे म्हणाले. "मी त्याचे गुण सांगत होतो, तेवढ्यात एक गृहस्थ ऐकत उभे राहिले. त्यांना इतकं पटलं, की... अहो, त्यांना खरोखरच गरज होती हो!"

*

शेवटी रंधा मशीन भोईरनंच आणलं. आंबिवलीला एक बंद पडलेलं वर्कशॉप होतं, तिथून सेकंडहँड. टेम्पोतून उतरवायला सहा माणसं लागली. बसवलं, पुसलं, तेल घातलं, हार घातला. आणि मग कळलं की मोटर थ्री-फेज आहे! घरात आपली साधी सिंगल फेज.

भोईर म्हणाला, "त्यात काय? लाईट ऑफिसात जाऊन तिसरी फेज मागून येतो."

खिडकीवरच्या क्लार्कनं विचारलं, "उद्योग काय?"

"उद्योग नाय. हौस."

क्लार्कनं चष्मा काढला. "हौसेला एकच फेज मिळते. दुसरी पाहिजे तर धंदा काढा, तिसरी पाहिजे तर युनियन होईल एवढी माणसं ठेवा."

आम्ही मुकाट्यानं मोटर बदलली.

*

बदललेली मोटर गरीब होती, पण चालू होताना सगळ्या बिल्डिंगची वीज प्यायची. वरच्या मजल्यावर बल्ब मिणमिणायचे, फ्रिज उचकी द्यायचे.

तेव्हा टीव्हीवर रविवारी सकाळी पौराणिक मालिका असायची. लोक अंघोळ करून, उदबत्ती लावून बघायला बसायचे. आमच्या घड्याळात काय गडबड झाली कोण जाणे, आम्ही समजलो मालिका संपली. तिकडे युद्ध ऐन रंगात आलेलं, देवानं धनुष्य ताणलेलं, आणि इकडे साठ्यांनी खटका दाबला!

पडद्यावरचा देव आधी बुटका झाला, मग आडवा झाला, मग दिसेनासाच झाला. पाठोपाठ सगळ्या बिल्डिंगचा फ्यूज!

दोन मिनिटांत पडवीपुढे मोर्चा. पुढे दुसऱ्या मजल्यावरच्या आपटेआजी, हातात जपमाळ तशीच.

"साठे, राक्षस मेला का नाही ते तुम्हीच आता सांगा!"

साठ्यांनी नम्रपणे सांगितलं, "मरतो आजी. पोथीत मरतो."

"पोथीत मरतो हो," आजी म्हणाल्या, "पण आमच्या घरी तुम्ही जिवंत ठेवलात!"

*

मग मी लाकडाचा लेथ घेतला. बेत असा की डायनिंग टेबलाला गोल, नक्षीदार पाय करायचे. लेथवर लाकूड गरगर फिरायला लागलं आणि त्याला पटाशी लावली की जी सालं उडतात ना, ती बघत राहावीशी वाटतात. तिथंच घात होतो. थांबवतच नाही! टेबलाचा पाय म्हणून सुरू केलेलं लाकूड बारीक होत होत लाटण्यावर यायचं.

पहिलं लाटणं बायकोनं कौतुकानं वापरलं. दुसरं बहिणीला गेलं. नंतरची बिल्डिंगमध्ये घराघरांत पोचली. शेवटी शेवटी शेजारणी मला जिन्यात बघून दार लोटून घ्यायला लागल्या.

एके दिवशी मी चांगला जाडजूड ओंडका घेऊन निघालो.

"टेबलाचा पाय ना?" बायकोनं विचारलं.

"हो. आज नक्की."

"मग जाता जाता विचारून या, कुणाच्या रुखवतात लाटणं कमी पडतंय का!"

*

मे महिन्यात गच्चीवर पापड वाळत होते. आमचा भुसा वाऱ्यानं किती वर जातो याचा आम्हाला अंदाज नव्हता. संध्याकाळी आपटेआजींनी स्वतः एक तळलेला पापड आणून साठ्यांच्या हातावर ठेवला. साठ्यांनी खाल्ला.

"कसा आहे?"

"उत्तम! उडदाचा का?"

"नाही. सागवानाचा!"

*

हे सगळं हसण्यावारी गेलं, पण एकदा मात्र आमची तिघांची पाचावर धारण बसली होती. उकाडा भयंकर, म्हणून भोईर लुंगीवर काम करत होता. मी हजार वेळा सांगितलेलं, "अरे, हाफ पँट घाल." त्याचं उत्तर ठरलेलं, "लुंगीत वारा खेळतो रे."

मशिनच्या पट्ट्याला जाळी नव्हती. भोईर फळी घ्यायला वळला आणि लुंगीचं टोक पट्ट्यात! एक झटका बसला, भोईर सरळ मशिनकडे ओढला गेला. साठे ओरडले, मी खटक्याकडे धावलो. भोईरनं दोन्ही हातांनी पडवीचा खांब धरला. खांबाची सवयच त्याला! लुंगी फाटली, सुटली आणि पुलीवर गुंडाळून गेली. मशीन थांबलं. पायाला नुसतं खरचटलं होतं. पण साठे मटकन भुशातच बसले होते.

अशा वेळी दारात सोसायटीचे सेक्रेटरी. मशिनच्या आवाजाची तक्रार घेऊन आलेले. समोर भोईर, पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर, खांबाला मिठी मारून.

सेक्रेटरींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा भुशात बसलेल्या साठ्यांकडे.

"आवाजाचं आपण नंतर बोलू," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी साठ्यांनी पट्ट्याला जाळी बसवली आणि भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'वारा खेळवायचा असल्यास खिडकी उघडावी.'

*

आणि आता देव्हाऱ्याचा.

बऱ्याच वर्षांनी आम्ही बँड सॉ घेतला. म्हणजे दोन चाकांवरून फिरणारी लांब पट्टीची करवत. कसलंही वळण कापते. साठ्यांनी तो घेतला तो एकाच कामासाठी, घरचा देव्हारा. कमान, कळस, मोर, सगळं कागदावर काढून तयार. सागवान खास निवडून आणलेलं. देव्हारा होईपर्यंत त्या मशिनवर दुसरं काही कापायचं नाही, असा त्यांचा नियम.

मधल्या एका शनिवारी साठे पुण्याला गेलेले. किल्ली भोईरकडे. त्याच दिवशी भोईरच्या पुतणीचा साखरपुडा. घरी एवढी मोठी सुरमई आलेली, पण बर्फात राहून दगड झालेली. कोयता नुसता उडत होता. पाहुणे दारात यायला लागलेले आणि भोईरची आई कपाळाला हात लावून बसलेली.

मी सहज पडवीवरून चाललो होतो. आतून मशिनचा आवाज. डोकावलो, तर भोईर!

"अरे, काय करतोयस?"

"बघ, बघ, काय सरळ तुकडे पडतात! एक पण वाकडा नाय!"

नंतर त्यानं मशीन धुतलं, लिंबू लावलं, रॉकेलनं पुसलं. पुढच्या रविवारी साठ्यांनी अंघोळ करून, सोवळं नेसून त्याच मशिनवर कमान कापली. भोईर कोपऱ्यात उभा राहून छताकडे बघत होता.

देव्हारा खरंच देखणा झाला. साठ्यांनी पूजा घातली, सगळ्यांना बोलावलं. लोक बघतात तर काय, देव्हाऱ्यासमोर बिल्डिंगच्या तीन मांजरी ओळीनं बसलेल्या. डोळे मिटलेले, शेपट्या गुंडाळलेल्या. हलायला तयार नाहीत.

"पहाटेपासून अशाच बसल्यात," साठेकाकू गहिवरून सांगत होत्या. "मुक्या जिवांना कळतं हो!"

आपटेआजींनी मांजरींनाही हात जोडले. साठ्यांचे डोळे भरून आले. भोईर म्हणाला, "मी जरा बाहेर जाऊन येतो."

तेवढ्यात त्याची आई आली. नऊवारी, केसांत अबोलीची वेणी. देव्हाऱ्यापुढे बसली, डोकं टेकवलं. टेकवलेलं डोकं बराच वेळ वर येईना. मग तिनं एक खोल श्वास घेतला आणि प्रसन्न चेहऱ्यानं साठ्यांकडे वळून म्हणाली,

"भाऊ, ह्यो देव तं आमच्याच गावचा हाय!"