कादंबरीतला अडत्या

पाय प्लॅस्टरमध्ये, लिफ्ट बंद आणि घर हुडकेश्वरला तिसऱ्या मजल्यावर. कळमन्याच्या बाजारात शेतकऱ्यांच्या संत्र्यांच्या ढिगांवर दिवसभर बोली ओरडणारा मी अडत्या पलंगावर पडलो, तेव्हा समोर फक्त पंखा होता आणि पोरीचं पुस्तकांचं कपाट. पोरगी कॉलेजात मराठी शिकवते. पंख्याचा कंटाळा आला, म्हणून तिच्या गाजलेल्या कादंबऱ्या वाचायला घेतल्या.

वाचायला मला पहिल्यापासून आवडतं. शाळा अर्ध्यात सुटली, हमाली करत करत स्वतःचा गाळा उभा केला, तरी ती भूक गेली नाही. पण या कादंबऱ्यांनी डोकं फिरवलं. अडत्या आला की समजावं, आता कोणीतरी लुटलं जाणार. पोट सुटलेलं, बोटांत अंगठ्या, तोंडात पान. शेतकऱ्याला लेखकानं मन दिलं, त्याच्या बैलालाही दिलं, अडत्याला मात्र नुसतं पोट. माल उठला नाही तर काय, या धाकानं पहाटे त्याच पोटात गोळा येतो, हे कुठेच लिहिलेलं नाही.

एका दुपारी असाच एक अडत्या मापात पाप करताना भेटला आणि मी पुस्तक भिरकावलं. ते घसरत फ्रिजखाली गेलं. राग उतरल्यावर कळलं, त्या अडत्याचं पुढे काय झालं ते मला वाचायचं होतं. घरात कोणी नाही. काठी घालून पाहिली, पोचेना. पोरगी येईपर्यंत मी पुस्तकाच्या बाहेर दिसणाऱ्या कोपऱ्याकडे बघत पडून राहिलो.

तिनं ते ओढून काढलं. "कोणाशी भांडले बाबा?"

"तुह्या लेखकाशी. याले अडत्याशिवाय दुसरा चोर भेटत नाही का वं?"

"ते तुमच्याबद्दल थोडीच हाय! काहून मनावर घेऊन राहिले?"

"मग कोणाबद्दल हाय? कॉलेजात पोरायले हे शिकवते, तवा तुह्या डोळ्यासमोर कोणाचं तोंड येते?"

ती गप्प झाली. मी आयुष्यभर सौदे केले आहेत. समोरचा गप्प झाला की भाव त्याला मान्य असतो. तुझं एम. ए. याच अडतीवर झालं, हे ओठांवर आलं होतं. गिळलं.

दुसऱ्या दिवशी तिनं वेगळं पुस्तक दिलं. "हे वाचा. यात अडत्या नाहीच."

खरंच नव्हता. मोठं घर, उदास माणसं, खिडकीशी बसून विचार करणारी. एका संध्याकाळी त्यातली बाई व्हरांड्यात संत्रं सोलते आणि त्या वासाबद्दल अर्धं पान आहे. मी पोरीला हाक मारली.

"हे संत्रं कोठून आलं?"

"आलं असन घरात."

"कोणी आणलं? कोणी इकलं?"

"बाबा, कादंबरीत ते नाही सांगत."

पुस्तक मिटलं. या वेळी फेकलं नाही.

"ते पहिलं दे. चोराचं."

"पुन्हा डोकं फिरवून घ्याले?"

"त्यात निदान मी हाव."

तिनं ते आणून दिलं. मला पान सापडेपर्यंत ती दारात उभी होती, काही न बोलता. त्या गप्प राहण्याचा भाव मात्र मला लावता आला नाही.