राईतलं पोवळं

बऱ्याच वर्षांच्या उपचारांनंतर मला दिवस राहिले होते. चौथा महिना होता. नवरा कंपनीच्या कामासाठी ओकिनावा बेटावर गेला आणि येताना माझ्यासाठी पांढऱ्या पोवळ्याचा एक तुकडा घेऊन आला.

"तिथल्या एका पवित्र राईतला आहे. मूल व्हावं, पीक चांगलं यावं म्हणून बायका तिथे प्रार्थना करतात. देऊळ नाही, मूर्ती नाही, नुसती झाडं आणि पोवळ्याचा कातळ," तो म्हणाला. मी तुकडा देव्हाऱ्यात ठेवला, हळदकुंकू वाहिलं.

इथे आखातात, अल नहदातल्या आमच्या टॉवरमध्ये खालच्या मजल्यावर एक ओकिनावाची बाई राहायची. तिला कौतुकाने चहाला बोलावलं. देव्हाऱ्यापाशी ती थबकली.

"हे राईतलं?" तिने इंग्रजीत विचारलं.

"हो."

"तिथलं पानसुद्धा कोणी उचलत नाही."

त्याच आठवड्यात मला रक्तस्राव सुरू झाला. "बाळाचे ठोके आहेत, पण आत्ताच काही सांगता येणार नाही. पडून राहा," डॉक्टर म्हणाल्या. नवरा म्हणत राहिला, हा नुसता योगायोग. पण देव्हाऱ्याकडे बघणं तो टाळू लागला. साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला, "आधी ते समुद्रात टाक!" त्याने तुकडा रुमालात गुंडाळला, गाडीची किल्ली उचलली.

"थांब," मी पडल्या पडल्या म्हणाले. "इथल्या समुद्रात टाकून ते परत गेलं असं होतं का?"

"मग काय करू? तूच सांग!" तो माझ्यावर ओरडला. असा कधीच ओरडला नव्हता.

मी खालच्या मजल्यावर फोन लावला. ती तांदूळ, पाणी आणि उदबत्त्या घेऊन आली. "लांबूनही बोलता येतं," म्हणत बाल्कनीत पूर्वेकडे तोंड करून बसली आणि नवऱ्याला शेजारी बसवलं. "उचललंस तू, माफीही तूच माग."

खाली गाड्यांचे हॉर्न वाजत होते. तो काय पुटपुटला ते मला ऐकू आलं नाही. त्याचे खांदे मात्र हलताना दिसले.

स्राव लगेच थांबला नाही. कितीतरी दिवस बाथरूमला जायचं म्हटलं की मी आधी दाराला धरून उभी राहायचे. मग स्राव हळूहळू थांबला. उन्हाळ्यात खालची बाई माहेरी गेली, तेव्हा तुकडा सोबत नेला. "राईत ठेवला. इथे फोटो काढत नाहीत," एवढाच मेसेज आला.

मुलगी वेळेआधी झाली. इवलीशी, पण टाहो मोठा. डॉक्टर औषधांचं नाव घेतात, सासूबाई देवीचं. नवरा रात्री दहादा उठून तिचा श्वास चालू आहे ना, ते बघतो.