पिवळी चिठ्ठी लागलेली गाडी

गॅरेजमधून फोन आला तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. पिठाच्या हातानेच उचलला आणि पहिलं विचारलं, "आता काय मोडलं?" पलीकडे दत्ता होता, माझ्या भावाच्या जुन्या गाडीचं काम करणारा मिस्त्री. त्याचा फोन म्हणजे काहीतरी नवं बिघडलं, हे वर्षभरात पाठ झालं होतं. मी म्हटलं, "बोल की बाबा, क्लच का रेडिएटर?" तेव्हा तो म्हणाला, "मावशी, गाडीला काय नाय झालं. दादा खुर्चीत बसले होते... हाका मारतोय, उठतच नाहीत."

माझा भाऊ वसंता असा गेला. गाडी रॅम्पवर, हा खाली प्लास्टिकच्या खुर्चीत, चहाचा कप हातात. लोक म्हणाले, चांगलं मरण आलं. मला ते पटलेलं नाही. काम अर्धं टाकून जाणं यात चांगलं काय आहे?

आम्ही तिघं भावंडं. मी थोरली, मग हिरा, मग वसंता. माझा नवरा गेल्यापासून मी चिखलीत वसंताकडेच राहते. त्याची बायको त्याआधीच गेली होती. घरात तो, त्याची मुलगी मनीषा आणि मी. हिरा मात्र धरणाच्या मागे, डोंगरावर दिलेली. कंबर मोडल्यापासून ती खाटेवरच आहे, खाली येऊ शकत नाही. एसटी पायथ्याला सोडते आणि पुढे चढाची कच्ची वाट आहे. वरून झऱ्याचं पाणी वाहतं, त्यामुळे बारा महिने चिकण माती. वरची पोरं मोटारसायकली घालतात, पण माझे गुडघे त्या वाटेचे राहिलेले नाहीत. वसंता निवृत्त झाला तेव्हा म्हणाला, "आक्का, चारी चाकं वढणारी गाडी घेतो. तुला हिराच्या दारात उतरवतो." मी म्हटलं, "नवी घे." तो म्हणाला, "नवी काय झेपतीय व्हय!" आणि जुनी शोधायला लागला.

तो चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत होता. माल तपासायचं काम. सगळा जन्म त्याने दुसऱ्यांच्या मालात खोट काढली. घरातसुद्धा तसाच. भाकरीचा काठ फाटला की म्हणायचा, "रिजेक्ट." मी ती त्यालाच वाढायचे. गल्लीत कोणी जुनी गाडी घ्यायची म्हटलं की याला घेऊन जायचे आणि हा "नको" म्हणून परत यायचा. असल्या माणसाने स्वतःसाठी गाडी घेतली आणि तो फसला, हे मला अजून गिळता येत नाही.

कसा फसला ते सांगते, कारण असली गाडी घेणारे वाचणाऱ्यांतही असतील. विकणाऱ्याने गाडीच्या पोटाखाली काळा कुळकुळीत रंग मारला होता. वसंता खाली वाकला, बघितलं आणि खूश झाला. का? तर त्याच्या कंपनीत तपासून पास झाल्याशिवाय मालाला रंगच लागत नाही. रंग दिसला म्हणजे कोणीतरी तपासलंय, हे त्याच्या डोक्यात इतकं मुरलेलं की बाहेरच्या जगात लोक नेमकं उलट करतात, हे त्याला सुचलंच नाही. गाडी आधी समुद्राच्या बाजूला होती. खारी हवा, रंगाखाली सगळा गंज. घेतल्यावर दत्ताने पेचकसाचं टोक चेसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, टोचलं तर ते पापडात जावं तसं आत गेलं. वसंता आपला, "आक्का, रंग मारला होता गं त्यांनी," एवढंच म्हणत राहिला.

चेसीला पत्रे जोडून घेतले आणि आम्ही निघालो. मी नवं लुगडं नेसले होते, हिराला आवडतात म्हणून गूळपापडीच्या वड्या घेतल्या होत्या. चढ लागला. वसंताने मोठ्या गियरच्या शेजारचा छोटा दांडा ओढला, समोर दिवा लागला आणि ऐटीत म्हणाला, "आता बघ चारी चाकं." मागची दोन चाकं गरागरा फिरली, चिखल पार टपावर उडाला, आणि पुढची दोन ढिम्म हलेनात. दिवा मात्र लागलेला! वर्षानुवर्षं तो दांडा कोणी ओढलाच नव्हता, आतलं सगळं गंजून धरलं होतं. जिथे अडकलो त्या वळणावरून हिराच्या घराचे पत्रे दिसत होते. मी खिडकीतून बघत बसले. ट्रॅक्टरने आम्हाला मागे ओढून काढलं. गूळपापडी आम्ही घरी येऊन खाल्ली.

त्यानंतरचं वर्ष गॅरेजात गेलं. पुढच्या चाकांचं झालं तर पाण्याचे पाइप चिरले. पाइप बदलले तर टायमिंग बेल्ट जुना निघाला. दत्ता म्हणाला, हा चालत्या गाडीत तुटला असता तर इंजिनच बसलं असतं. चारी टायर वेगवेगळे निघाले. चारी चाकं ओढणाऱ्या गाडीला ते चालत नाही, आतले दाते खातात म्हणे. मी चौथी शिकलेली बाई, पण एवढं ऐकून ऐकून मलाही आता गाडीच्या आवाजावरून कळतं.

खरा वैताग पुढेच आहे. गाडी नीट झाली होती. दत्ता सांगायचा, मनीषा सांगायची. दर रविवारी वसंता मागच्या मोकळ्या प्लॉटवर गाडी नेऊन दांडा मागेपुढे करायचा, पुन्हा धरू नये म्हणून, आणि चारी चाकं फिरायची. मी डोळ्यांनी बघितलंय. पण हा निघेना. त्याच्या कंपनीत चांगल्या मालाला हिरवी चिठ्ठी, फेकायच्या मालाला लाल आणि पुन्हा काम करायच्या मालाला पिवळी. तशी एक पिवळी चिठ्ठी त्याने आरशाला दोऱ्याने बांधली होती. मी विचारायचे, "हिरवी कधी लावतोस?" "अजून न्हाई आक्का. डावीकडून आवाज येतोय." "हिरा मरायची वाट बघतोस व्हय?" "एकदा चुकीचा माल पास केलाय. पुन्हा न्हाई करायचा." त्या दिवशीही तो डावीकडचा आवाज शोधायलाच गॅरेजात गेला होता.

त्याचे दिवस झाल्यावर मनीषाने गाडी विकायला काढली. माझी ना नव्हती. दारात लोखंड उभं ठेवून काय करायचं? निगडीहून एक गृहस्थ आले. खाली वाकून बघितलं, दांडा ओढला, खूश झाले. मग म्हणाले, "काकू, हा पिवळा कागद कसला?"

मी म्हटलं, "काम बाकी आहे असा त्याचा अर्थ."

"काय काम?"

"ते सांगणारा गेला."

ते चहाही न घेता गेले. मनीषा चिडली. "आत्या, विकायची नाही का तुम्हाला? तोंड बंद ठेवलं असतंत तर झालं असतं!"

"विकायचीच आहे," मी म्हटलं. "पण आधी मला हिराकडे ने. त्यासाठी घेतलेली गाडी आहे ती."

ती थोडा वेळ फुणफुणली आणि रविवारी किल्ली घेऊन आली. लहानपणापासून बापाशेजारी बसलेली, चालवते चांगली. त्या वळणावर मी दरवाजाची कडी घट्ट धरली. तिने दांडा ओढला, दिवा लागला. गाडी एकदा मागे घसरली... आणि पुढच्या चाकांनी माती धरली. आरशाला ती पिवळी चिठ्ठी नुसती नाचत होती. मला इतका राग आला त्याचा! एवढं सोपं होतं. एका सकाळचं काम होतं, वसंता.

हिरा पडवीत खाटेवर होती. तिने गाडीकडे बघितलं, उतरणाऱ्या मनीषाकडे बघितलं, मग मला म्हणाली, "चढती की गं गाडी. मग वसंता जिता असताना का न्हाई आला?" मी तिच्याजवळ बसले. सोबत आणलेल्या गूळपापडीचा तुकडा मोडून तिच्या हातावर ठेवला.

परत आल्यावर दारात गाडी लावून मनीषाने आरशाकडे हात नेला. "आत्या, आता काढू ही? चढली ना."

मी म्हटलं, "चढली. पण उतरताना डावीकडून खडखड आली, ऐकलीस?"

तिने हात मागे घेतला. ऐकली होती तिनेही.