घसा बसलेल्या बुधाजीचा रानातला मुक्काम

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत लहान घशाचा माणूसच नव्हता, पण बुधाजीचा घसा म्हणजे गिरणीचा भोंगा. तो साचाखात्यात कामाला. शेकडो माग एकदम खडखडत असताना शेजारच्याकडे तंबाखू मागायची तरी ओरडावं लागतं. बुधाजी ती सवय घरी घेऊन यायचा. त्याच्या चहात साखर कमी पडली की तिसऱ्या मजल्याला कळायचं. पुढे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ सुरू झाली आणि या घशाला एकदाचं लायकीचं काम मिळालं.

सत्तावनच्या निवडणुकीत समितीसाठी त्याने इतक्या घोषणा दिल्या, की समोरच्या इराण्याने दुकानाचं दार त्या बाजूने बंदच ठेवलं. आमच्या भागात समितीचा माणूस निवडून आला. बुधाजी ट्रकवर चढला, मूठ वर केली, तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. सायकलच्या ट्यूबमधून येते तशी.

“घशात गाठी आल्यात,” डॉक्टर म्हणाले. “महिनाभर एक शब्द काढायचा नाही. कापसाच्या धुळीत जायचं नाही. कुठं तरी शांत जागी जाऊन राहा.”

शांत म्हणजे कुठे, असं बुधाजीने हाताने विचारलं. डॉक्टरांनाही ते माहीत नव्हतं. त्यांच्या दवाखान्याखाली पत्रे ठोकायचं दुकान होतं.

तोडगा काढला तो बुधाजीच्या बायकोने, सुंदराबाईने. तिच्या मावशीचे यजमान कोंडीराम खर्डीच्या पलीकडच्या सरकारी रानात रखवालदार होते. लाकूडतोड्यांचा एक तळ तिथे हंगाम संपल्यावर रिकामाच पडलेला असायचा. सासूबाई राधाबाईंनी पोरांना आपल्याकडे ठेवून घेतलं आणि नवराबायको खर्डीला उतरून बैलगाडीने निघाली. गाडीवाट संपली तिथून सामान डोक्यावर घेतलं.

तळ म्हणजे काय, तर सागाच्या रानात एक मोकळी जागा. चार मेढी, त्यावर पानांचं छप्पर, भिंती नाहीत. तीन दगडांची चूल आणि खाली ओढ्यात खणलेला पाण्याचा खड्डा.

“दार कुठंय काका?” सुंदराबाईने विचारलं.

“कशाला हवं? चोर येत न्हाय हितं,” कोंडीराम म्हणाले. “जनावर येतं. पण ते काय दार वाजवून येत न्हाय. त्या दगडाला नारळ ठेवा, वाघदेव हाय तो.”

“काका, आम्ही दीक्षा घेतली. घरातलेच देव समुद्रात सोडले, आता रानातले कुठं सांभाळू?”

“मग तुमचं तुम्ही बघा,” म्हणत कोंडीराम चौकीकडे निघून गेले.

लग्न झाल्यापासून त्या दोघांना चार भिंतींत एकटं असं कधी राहायला मिळालं नव्हतं. खोलीत आई, भाऊ, भावजय, पोरं, शिवाय गावाकडून आलेला कोणी ना कोणी. इथे एकांत मिळाला तर भिंतीच नव्हत्या. पहिल्या रात्री दोघांनाही झोप लागेना, कारण कोणी खोकत नव्हतं. सकाळी आणखी पंचाईत. चाळीत डबा घेऊन रांगेत उभं राहायचं, आत गेलं की बाहेरचा कडी वाजवून आईबाप काढायचा. इथे अख्खं रान मोकळं, पण मागे कोणी घाई करत नसल्यामुळे बुधाजीला काही होईचना. शेवटी सुंदराबाईने झाडामागून ओरडून विचारलं, “अवो, झालं का? बाकीच्यांनी काय करायचं?” तेव्हा कुठे त्याची सुटका झाली.

बोलता येत नाही म्हणजे काय, हे बुधाजीला हळूहळू कळू लागलं. आमटीत मीठ कमी म्हणून तो बोटांनी चिमूट दाखवायचा. सुंदराबाई वर बघून म्हणायची, “व्हय, आभाळ छान आहे.” तो पाय आपटायचा. “पाय दुखतात? चालायला पाहिजे मग.” तिला सगळं समजत होतं. पण इतक्या वर्षांनी बोलायची पाळी तिची आली होती आणि ती सोडायला ती तयार नव्हती.

ती बोलतच सुटली. सांडगे वाळत घालताना बोलली, भाकरी थापताना बोलली. लग्नाच्या वेळी आपल्याला त्याच्यापेक्षा त्याचा भाऊ बरा वाटला होता, हेही सांगून टाकलं. “पण त्याच्या नाकाचा आवाज ऐकला आणि म्हटलं, राहू दे.” सभेला बायकांना मागे का बसवतात, हे विचारलं. उत्तर येणार नव्हतं, म्हणून तेच पुन्हा मोठ्याने विचारलं. बुधाजी चुलीत काटक्या सारत ऐकत राहिला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

एका संध्याकाळी ती म्हणाली, “चळवळीत गोळीबार झाला त्या दिवशीचं सांगू?”

बुधाजीने मान ताठ केली. त्या दिवसाची गोष्ट चाळीत त्यानेच शंभरदा सांगितली होती. छाती उघडी टाकून तो पोलिसांसमोर उभा राहिला होता आणि बंदुकीच्या धुराने त्याचा सदरा काळा झाला होता.

“तो सदरा मी धुतला,” सुंदराबाई म्हणाली. “कोळसा होता तो. तुम्ही वखारीत पोत्यांमागं बसला होता. तुम्हाला शोधायला मी आले होते, फटीतून बघितलं.”

बुधाजीचं तोंड उघडं पडलं. आतून हवा आली.

“गप बसा, डॉक्टरांनी सांगितलंय. मी कधी कुणाला बोलले का? तुम्ही दिसलात आणि तिथंच बसले मी. किती पोरं गेली त्या दिवसांत. तुम्ही लपलात, बरं केलंत. नाही तर आज मी कुणाला बोलत बसले असते? ह्या सागाला?”

बुधाजीने हातातली काटकी चुलीत सारली. मग त्याने उठून तिच्या हातातली कळशी घेतली आणि स्वतः पाण्याला गेला. हे त्याने चाळीत कधी केलं नव्हतं.

तो कळशी घेऊन वर येतो तर छपराखाली रानडुकरीण. मागे तिची पिलावळ. सुक्या बोंबलांची पिशवी तिने खाली ओढली होती आणि सुंदराबाई चूल आणि मेढीच्या मधे अडकली होती. बुधाजीने जीव खाऊन ओरडायचा प्रयत्न केला. शिट्टीसुद्धा वाजली नाही. त्याने कळशी फेकून मारली, ती भलतीकडेच गेली.

सुंदराबाईने तवा उचलला, त्यावर उलथनं हाणलं आणि मोठ्याने ओरडण्यासारखं जे एकच तिला पाठ होतं ते ओरडली, “मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र!”

डुकरिणीने मान वर केली. पुढचं म्हणायला मागे कोणी नव्हतं, म्हणून तेही सुंदराबाईनेच म्हटलं, “झालाच पाहिजे!”

अशा पाच-सहा घोषणा झाल्या. रान दणाणलं. डुकरिणीला मागणी मान्य होती की नाही कोण जाणे, पण ती पिलं घेऊन पळाली. बोंबील मात्र घेऊन गेली.

थोड्या वेळाने कोंडीराम धापा टाकत आले. “मोर्चा कुठाय? मोर्चा? साहेब आलेत चौकीवर! माझी नोकरी घालवता का?”

सकाळी ते साहेब स्वतःच तळावर आले. हॅट, छडी, मागे कोंडीराम. “घोषणा कोणी दिल्या?” त्यांनी बुधाजीवर छडी रोखली. बुधाजी पुढे झाला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

“त्यांचा घसा बंद आहे,” सुंदराबाई म्हणाली. “मी दिल्या.”

“राखीव जंगलात राजकीय घोषणा द्यायला मनाई आहे, बाई.”

“आणि डुकरांनी आमचं जेवण न्यायला परवानगी आहे?”

साहेबांनी कोंडीरामांकडे पाहिलं, कोंडीरामांनी सागाकडे पाहिलं. “आजच्या आज जागा खाली करा,” एवढं म्हणून साहेब वळले. वाटेत ते हसत होते, असं कोंडीराम नंतर सांगायचे, पण ते खात्याच्या साहेबांबद्दल चांगलंच सांगायचे.

महिना पुरा व्हायच्या आत दोघं चाळीत परतली. बुधाजीचा आवाज आला, पण फुटक्या घागरीसारखा. तो साचाखात्यात ऐकू जायचा नाही, मग सभेत कुठला? गिरणीच्या फाटकावरच्या पुढच्या द्वारसभेत तो पेटीवर चढला, दोन शब्द बोलला, खाली उतरला आणि सुंदराबाईचा हात धरून तिला वर चढवलं. लोक हसले. मग तिने तोंड उघडलं आणि लोक हसायचे थांबले.

राधाबाई तेवढ्या कुरकुरल्या. “चांगला ओरडणारा पोरगा दिला होता, ऐकणारा करून आणलास.”

साठ साली राज्य झालं तेव्हा डिलाईल रोडवर मिरवणूक निघाली. सुंदराबाई ट्रकवर, गळ्यात हार, हातात कर्णा. बुधाजी खाली गर्दीत, एक पोर खांद्यावर, दुसरं बोटाला, गुलालाने डोळे चुरचुरत होते. ट्रक चाळीच्या कोपऱ्यावर आला तेव्हा तिला तो दिसला. घोषणा अर्धवट सोडून तिने कर्ण्यातून सांगितलं, “अवो, पाणी यायची वेळ झाली. घरी जाऊन पिंप भरा!”

अख्खा रस्ता खो खो हसला. बुधाजीने दुसऱ्या पोरालाही उचलून घेतलं आणि गर्दीतून वाट काढत तो चाळीकडे निघाला.