बाळूची फ्यूजची डबी

बाळू गेल्याचा फोन आला तेव्हा मी भूगावला लेकीकडं तांदूळ निवडत होते. ते संपवले आणि मग निघाले. बाळू माझा धाकटा दीर, मुळशीच्या धरणात लाँच चालवायचा. दहाव्याला एक जण म्हणाला, "मानूस चांगला, पर वायरिंगमदी हलगर्जी. लाँच पेटवली व्हती." मी मान खाली घातली... ते खोटं होतं, आणि ते मलाच ठाऊक होतं.

खरं तर बाळू कटकट्या होता. लाँच सोडण्याआधी फळी उचलून बॅटरीच्या वायरी हलवून बघायचा, मेन स्विच कुठं आहे ते उतारूंना दाखवायचा. घरी फ्यूज उडाला की आम्ही जाड तार घालायचो, पुन्हा उडायचं नाव नको. तो चिडायचा. "वैनी, फ्यूज जळतो म्हून वायर वाचती. तुमी जाड तार घाला, मग घर जळंल." मी म्हणायचे, "आला मोठा इंजिनेर."

एकदा भाचीच्या हळदीला आम्ही बाळूच्या लाँचमधून धरणापलीकडं निघालो होतो. मध्यावर पाणी उपसायच्या पंपाचा फ्यूज उडाला. त्यानं दुसरा घातला, तोही उडाला. "पंपात शेवाळ अडाकलंय. ते काडल्याबिगर न्हाई," म्हणत बटण बंद करून तो मागं वाकला. लाँचच्या तळात पाणी साचत होतं, माझ्या मांडीवर हळदीचं ताट. "बाळ्या, नवरी म्हातारी व्हईल रं," मी म्हणाले. लोक हसले. त्याची पाठ माझ्याकडं होती, सगळे त्याच्याकडं बघत होते. मी अंबाड्यातला आकडा काढला, फ्यूजच्या जागी दाबला आणि बटण सुरू केलं.

पंप नुसता घुरघुरला. वायर मात्र फळीखाली धुमसू लागली. बायका किंचाळल्या. बाळूनं धुरात हात घालून मेन स्विच बंद केला. तळहाताची साल निघाली. काठावर लाँचच्या मालकानं विचारलं, "फ्यूजमदी काय घातलं व्हतं?" बाळूनं माझ्याकडं पाहिलं. "चूक माजी हाय," म्हणाला. मी ताट उचललं. हळदीला वेळेत पोचले, नाचलेसुद्धा.

त्याचं काम गेलं. पुन्हा कुणी लाँच हातात दिली नाही, पुढं तो गवंड्याच्या हाताखाली राबला. मी सांगणार होते... पण दर वेळी चहा यायचा, विषय बदलायचा. मी बदलू द्यायचे.

तेराव्यानंतर त्याची बायको, सखू, एक डबी घेऊन बसली. आत कापसात काचेचे फ्यूज आणि एक काळा पडलेला आकडा. "अक्का, खरं सांगा," ती म्हणाली. "ह्यांची कुनी बाई व्हती का? मी तर जल्मभर येनीच घालते." इतकी वर्षं ती हे पोटात ठेवून त्याला भाकरी वाढत होती.

"माजा हाय," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं.

तिनं डबीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "ह्ये तुमी दहाव्याला का न्हाई बोल्ला? समदी व्हती तितं."

म्हणून इथं लिहिते आहे. डबी आता तिच्या देव्हाऱ्याशेजारी असते. आकडा मी मागितला. तिनं दिला नाही.