सुनेचा सत्कार आणि माझी खुर्ची

खुर्चीवर कसं बसावं हे मले सत्तराव्या वर्षी समजलं, अन् तेही खुर्ची सोडल्यावर.

माझी सून मंदा आमच्या गावची आशा हाये. कोणत्या लेकराले कोणता टीका, म्हणजे लस, लागला, कोणाचा राह्यला, हे सगळं तिच्या वहीत असते. मागच्या हिवाळ्यात निरोप आला की ज्या सात आशांनी आपल्या गावातलं एकही लेकरू टीक्याबिना सोडलं नाही, त्यायचा सत्कार हाये. स्टेज, खुर्च्या, शाल, नारळ, फोटो, सगळं.

मंदानं ही खबर मले सांगतली अन् त्याच दमात म्हणे, "मामाजी, तुम्ही नोका येऊ. ऊन लागन."

हिवाळ्यातलं ऊन! मनाले लागलं. म्हटलं, सासरा धोतरवाला, तिसरी नापास (सही येते, पण अर्धी), म्हणून लाज वाटत असन. पोरगा भरवेलीच्या खदानीत, त्याले सुट्टी नाही. मंग घरचं म्हणून कोण जाईन? बुढी असती तं पहिल्या लाइनीत बसली असती.

बुढी म्हणजे माझी बायको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेली. घरात चहा आताही दोन टाइम होते, पण शिव्या देत देत कोणी आणून देत नाही, म्हणून गोड लागत नाही.

खरं पाह्यलं तं हा सत्कार अर्धा बुढीचा होता. मंदाजवळ वही, बुढीजवळ तोंड. नाल्यापलीकडच्या टोल्यावर, त्या दहा घरायच्या वस्तीत, एका बाईनं टीक्याच्या दिवशी लेकरू धानाच्या कोठीमागं लपवलं. मंदानं किती समजावलं, ताप येईन, एका-दोन दिवसात उतरन, पण गोवर अंगावर आला तं तो जीव घेईन. बाई ऐकेना. मंग बुढी दारातच फतकल मारून बसली. "लेकरू बाहेर येत नाही तवरीक मी उठत नाही," म्हणे. "जेवीन इथंच. भाजी कोणती हाये?"

दहा मिनिटात लेकरू बाहेर.

मी मात्र सुईचा पक्का भेकड. माझ्या नातवाले टीका लागला तवा मी वावरात पळून गेलतो. पण सत्कारात काही सुई नसते, म्हणून जायचं ठरवलं. मंदा सकाळीच निघून गेली. तिच्यामागून मी धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली अन् शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर मागं बसून रामपायलीच्या रस्त्यावरच्या शाळेत पोहोचलो. मंडप गच्च भरला होता. माइकवाले गुरुजी मले ओळखत. मंदाबाईचे सासरे आले म्हणत त्यायनं मले हाताले धरून नेलं अन् पहिल्या लाइनीत, स्टेजच्या बरोबर समोर, लाल गादीच्या खुर्चीवर बसवलं. बाजूले बालाघाटहून आलेले मोठे डाक्टर साहेब. मी पाठ टेकवून असा बसलो का जसे टीके मीच लावले होते.

सात आशा स्टेजवर आल्या. मंदा सगळ्यात पुढं. तिनं खाली पाह्यलं, मले पाह्यलं, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला अन् खुर्चीजवळ उभीच राह्यली. गुरुजी म्हणे बसा. ती मान हलवे, पण बसे नाही. बाकीच्या सहा जणी अर्ध्या बसल्या होत्या. त्यायनं मंदाकडं पाह्यलं, एकमेकींकडं पाह्यलं, अन् परत उठल्या. सात बाया, खाली माना, उभ्या.

डाक्टर साहेब दूरच्या मुलखातून बदलून आलेले. त्यायले वाटलं, कोणाची श्रद्धांजली हाये. ते उठले अन् मान खाली घातली. साहेब उठले म्हणून सरपंचीणबाई उठल्या, त्या उठल्या म्हणून अख्खा मंडप उठला. पोहे वाटणारा माणूसही ताटं हातात घेऊन उभा! कोणी खोकेना.

मी एकटा बसून पाहत होतो. अन् एकदम मनात चमकलं, हे सगळे बुढीसाठी उभे हायेत. मंदानंच सांगतलं असन. माझ्या जिवाले लागन म्हणूनच मले येऊ नोका म्हणे. सगळं जुळलं. (चुकीचं जुळलं, पण जुळलं.) घरच्या माणसानं अशा टायमाले बसून राहावं, असं मले वाटलं. म्हणून बसूनच राह्यलो अन् रडलो. तेरवीले जेवढा रडलो नव्हतो तेवढा तिथं रडलो, टोपी तोंडावर धरून.

मंग ध्यानात आलं, लोकायचे पाय दुखत असतीन. मी बसल्या जागी हात जोडले अन् मोठ्यानं म्हटलं, "बस झालं, बापाहो. तिले इतका मान सोसत नव्हता. बसा आता."

कोणी बसलं नाही. साहेब गुरुजीले हळूच विचारत होते, "देहांत किसका हुआ है?"

"पता नहीं सर," गुरुजी म्हणे, "मैं तो आपको देखके खड़ा हुआ."

तेवढ्यात स्टेजच्या कापडामागून नर्सबाई बाहेर आल्या. मागं त्यायचं त्या दिवशीचं टीकाकरण चालू होतं. त्यायनं मंदाच्या कानाशी काही विचारलं अन् तडक माझ्यापाशी आल्या.

"बाबा, घरी तुमची सून तुमच्यापुढं खुर्चीवर बसते का?"

"नाही."

"मंग इथं कशी बसन?"

मले दरदरून घाम फुटला. बुढी माझ्या बापापुढं कधी बाजेवर टेकली नाही, मंदा माझ्यापुढं नाही. आमच्याकडची रीतच ती. बाकीच्या सहा कोणाच्या ना कोणाच्या सुनाच, एक मर्यादेनं उभी असताना त्या बेशरमासारख्या कशा बसतीन?

मी झटक्यात उठलो अन् खाली अंथरलेल्या सतरंजीवर बसलो. हे त्याहून वाईट झालं. आता सासरा भुईवर अन् सून वर खुर्चीवर? मंदा खुर्चीपासून अजून दोन पावलं मागं सरकली. साहेबाले वाटलं बाबाचा अपमान झाला, ते म्हणे बाबांना वर आणा, सुनेच्या शेजारच्या खुर्चीवर बसवा. (त्यापेक्षा मले बुढीपाशी पाठवलं असतं तं बरं.)

नाला तुडवून, लोकायच्या शिव्या खाऊन मिळवलेली पोरीची खुर्ची रिकामी पडली होती. सत्कारात आता एकच अडचण उरली होती, अन् ती धोतर नेसून बसली होती.

"नर्सबाई," मी म्हटलं, "मले कुठंतरी लपवा."

त्यायनं मले कापडामागं नेलं अन् एका बुटक्या स्टुलावर बसवलं. बसतो न बसतो, तं एका तरण्या मायनं आपलं नऊ महिन्याचं लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं. "बाबा, घट्ट धरा," म्हणे, "मले पाहवत नाही." मलेही पाहवत नाही असं मी म्हणेपर्यंत नर्सबाईची सुई तयार. मी लेकरू धरलं अन् डोळे मिटले.

कापडापलीकडं खुर्च्या करकरल्या. सगळे बसले. गुरुजीनं मंदाचं नाव पुकारलं, टाळ्या पडल्या, अन् बरोबर त्याच टायमाले लेकरानं भोकाड पसरलं. एका कानात टाळ्या, दुसऱ्या कानात लेकरू. दिसलं काहीच नाही. मी पण सुरू झालो. नर्सबाईनं लेकराले गप केलं अन् मले म्हणे, "बाबा, तुमाले तं टोचलंही नाही."

घरी आल्यावर मंदानं शाल अन् नारळ बुढीच्या फोटोपुढं ठेवला. मी सांगून टाकलं, आजपासून माझ्यापुढं खुर्चीवर बसायचं. "हौ मामाजी," म्हणे. उभ्या उभ्या.

सत्काराचा फोटो आता आमच्या भिंतीवर हाये. सात जणी खुर्चीवर, मंदा मधात, खांद्यावर शाल, मान ताठ. अन् तिच्या मागच्या कापडाखालून दोन पाय निघालेले, झिजल्या चपला घातलेले. येणारा-जाणारा विचारतेच, हे पाय कोणाचे? सासरा कापडामागं स्टुलावर बसला होता हे सून कोणत्या तोंडानं सांगन? ती म्हणते, मंडपवाल्याचे असतीन. मी पण खाटेवरून मान हलवतो.

परवा एक पाहुणा म्हणे, "तुमच्या मंडपवाल्याले सांगा, चपला बदल म्हणा."

म्हटलं, हौ, सांगतो त्याले.